घट्ट हाताचा स्वेटर

सोने, मी गाव सोडलं त्या सकाळी आबा मला पोचवायला आले नाहीत. मेंढरं पाण्यावर न्यायची वेळ झाली होती. त्यांनी लांबूनच काठी वर केली आणि ओरडले, "दादाच्या घरात बसून खाऊ नगंस. हाताला काम धर." माझं गाठोडं तू धाकटी असून डोक्यावर घेतलं होतंस. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं, त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. गावात मला कुणी वाईट बोललं नाही. उलट मी दिसले की बायका एकदम मायेनं बोलायला लागायच्या, आणि तेच मला सोसत नव्हतं. म्हणून सोलापूरच्या गिरणीत कामाला असलेल्या दादाचा सांगावा आला, तशी मी निघाले. सांगोल्यापर्यंत आपण दोघी चालत आलो, पुढं मोटार. तू रडत होतीस. मला मात्र सुटल्यासारखं वाटत होतं.

गावी आले की तुम्ही सगळे विचारता, शहरात काय शिकलीस? मी सांगते, लिहा-वाचायला शिकले, विणायला शिकले. ते शिकताना मी किती चिडले, ते कधी सांगितलं नाही. आज तुला सांगते. आपल्याकडची जी माणसं माझ्यासारखी इकडं येऊन राहिली, त्यांना ते सांगावं लागणार नाही.

दादाच्या चाळीमागं एका बाईंनी बायकांसाठी शिवण-विणकामाचा वर्ग काढला होता. बाई पुण्याकडच्या, चष्मा लावणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. मी तिथं मोठ्या तोऱ्यात गेले. मला लोकर काय शिकवणार? सातव्या वर्षापासून मी लोकर पिंजत होते, कातत होते. माझ्या सुताची घोंगडी चार गावांत विकली जायची. बाईंनी सायकलच्या तारा घासून केलेल्या दोन सुया हातात दिल्या, माझ्या पहिल्या चार ओळी बघितल्या आणि म्हणाल्या, "भागू, हात सैल सोड."

तो हात सैल होईना, सोने. घोंगडीच्या सुताला पीळ जितका घट्ट, तितकं ते टिकतं. हे माझ्या बोटांना लहानपणापासून ठाऊक. इथं तेच आड येत होतं. माझे टाके इतके आवळलेले असायचे की दुसऱ्या ओळीला त्यात सुई शिरायची नाही. कधी सुतात हात न घातलेल्या कारकुनांच्या बायका भराभर टोपरी विणायच्या आणि मी मेंढपाळाची पोर ओठ चावत बसायची. तरी वर्षभरात मी मफलर, टोपरी विणायला लागले. मग मडमेचं काम आलं.

एका गोऱ्या डॉक्टरची बायको उन्हाळ्यात विलायतेला जायची होती. तिला बोटीवर घालायला स्वेटर हवा होता, आणि तोही वेणीच्या विणीचा. तिनं मऊ करड्या लोकरीच्या लडी आणि एक छापील कागद पाठवला. बाई मला म्हणाल्या, "हा तू कर. जमला तर वर्गात शिकवायला तुलाच ठेवते." मी त्या रात्री दादाला म्हटलं, आता मी तुझ्या घरात बसून खाणारी राहणार नाही.

पण वेणीची वीण खुद्द बाईंनीही कधी केलेली नव्हती. त्या कागद डोळ्यांजवळ धरून इंग्रजी वाचायच्या आणि मला मराठीत सांगायच्या. "तीन टाके पुढे ठेव. पुढचे तीन वीण. मग ते तीन वीण." मी विचारलं, "पुढं ठिवायचं म्हंजे कशावर?" बाईंनी कागद उलटा करून पाहिला. त्यात तसलं चित्र नव्हतं. आठ दिवस आम्ही दोघी त्या तीन टाक्यांपाशी अडून होतो. मी ते बोटावर धरायची, ते घसरायचे, सुटायचे, खालपर्यंत उसवत जायचे. शेवटी शेजारी बसणाऱ्या नरसाक्काला ते बघवेना. ती तेलुगू विणकराच्या घरातली, मागावर वाढलेली. तिनं अंबाड्यातला आकडा उपसला, माझे तीन टाके त्यावर चढवले, पुढं लोंबत सोडले आणि म्हणाली, "हे चूडु, बघ. आता वीण की!"

विणले. सहा टाक्यांनी एकमेकांना अढी घातली आणि वेणीचा पहिला पेड दिसला. बाई हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण तो आनंद काही टिकला नाही. चैत्र लागला होता. सोलापूरचा उन्हाळा तुला माहीत नाही. गच्ची तापते, भिंती तापतात, बोटांना घाम येतो आणि त्या घामाला लोकर चिकटते. घट्ट टाके एकमेकांवरून ओलांडायचे म्हणजे सुई वाकायची. समोरचा भाग छातीपर्यंत आला तेव्हा बाईंनी तो उजेडात धरला आणि खाली, पार कमरेजवळ, बोट ठेवलं. एका जागी मी टाके पुढं ठेवायच्या ऐवजी मागं ठेवले होते. त्या ठिकाणी वेणी उलटी वळली होती. मीच सुई ओढून काढली आणि सगळं उसवलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी सुया भिंतीवर फेकल्या आणि घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा सुया सरळ करून माझ्या जागेवर ठेवलेल्या होत्या.

स्वेटर पुरा झाला आणि बाईंबरोबर मी बंगल्यावर गेले. माळी म्हणाला, मडम परवाच गेल्या. परत येताना बाई म्हणाल्या, "तू विणलास, तुझ्याकडेच ठेव. शिकवायचं पुढच्या वर्षी बघू." मला रडूही आलं नाही. नुसता राग.

थंडी पडल्यावर तो स्वेटर मी गावच्या एका माणसाबरोबर आबांना पाठवला. पहाटे माळावर काकडत बसतात, घालतील. आणि लेकीच्या हातचं काम चार माणसांना दाखवतील, असंही मनात होतं.

पुढचं तू पाहिलंच आहेस. महिन्याभरानं मी गावी आले आणि मेंढरांच्या वाड्यातून एक कोकरू उड्या मारत समोर आलं. त्याच्या अंगात माझा स्वेटर! बाह्या कातरीनं उडवलेल्या, कडा उसवत चाललेल्या, वेण्यांत गोखरू अडकलेले.

"आबा, ह्ये काय केलंसा!" मी किंचाळले.

आबा घाबरून उठले. "अगं, गळ्यातनं डोस्कंच जाईना माझं. तिघांनी वडलं. मग ह्याची आय मेली, थंडीनं मराय लागलं हुतं. लई ऊब हाय की तुझ्या लोकरीत."

"च्यार म्हैनं लागलं मला त्याला!"

"च्यार म्हैनं?" आबांना खरंच नवल वाटलं. "घोंगडी तर आठ दिसात हुती."

तू मधे पडून म्हणालीस, "आक्का, कोकरू जगलं की." कोकरू जगलं होतं. आबांचं काही चुकलं नव्हतं. पण ते तीनदा उसवणं, तो आकडा, कमरेजवळची उलटी वेणी, हे मी तिथं कुणाला सांगणार होते? तुम्ही मला भाकरी वाढली, पाठीवरून हात फिरवला. मी तिसऱ्या दिवशी, ठरल्यापेक्षा आधीच, निघाले. तुला वाटलं, शहराचा माज चढला. तसं नव्हतं गं.

सोलापूरला उतरले आणि घरी न जाता गाठोड्यासकट वर्गात गेले. सगळं सांगितलं. नरसाक्का कोकराचं ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाई हसल्या नाहीत. तिचं हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या आणि मग त्यांनी विचारलं, "गळ्याला किती टाके उचलले होतेस?"

"ऐंशी," मी म्हटलं.

"शंभर तरी हवे होते. आणि शेवटची ओळ बंद करताना हात आवळला असशील."

"व्हय," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

आता त्या वर्गात मीच शिकवते. गावची माणसं अजून विचारतात, तुझं घर सांगोल्याकडं की सोलापुरात? आबा आणि तू तिथं आहात, म्हणून माझा जीव तिथंच आहे. पण घर कुठं म्हणशील, तर माझं काम फसल्यावर गळ्याला किती टाके उचलले होते हे जिथं मला कुणी विचारतं, तिथं.