आतल्या खिशातला कागद

माझे भाऊजी कुणावरही विश्वास ठेवत नाहीत आणि याचा त्यांना अभिमान आहे. एकतीस वर्षं लॉन्ड्री चालवलेल्या माणसाचा विश्वास उडणारच, असं ते म्हणतात. गिऱ्हाईक कोट टाकायला आलं की भाऊजी तो काउंटरवर पसरतात, वरचा दिवा ओढून खाली घेतात आणि गिऱ्हाइकादेखत एकेक खोट मोठ्यानं वाचायला लागतात. "डावी बाही, कोपराला घासलेली. तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलेलं. पाठीवर डाग, चहाचा. की दुसऱ्या कशाचा?" हे सगळं नोंदवहीत उतरतं आणि खाली गिऱ्हाइकाची सही. 'हे तुमच्याकडेच फाटलं' असं नंतर कुणी म्हणायला नको. माझ्या बहिणीला पसंत करताना त्यांनी तिलाही असंच दिव्याखाली धरलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

त्यांचा दुसरा नियम खिशांचा. खिशात काहीही सापडलं तरी ते न बघता पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं, वर कपड्याचा नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. चिठ्ठी असली तर घडी उलगडायची नाही. अर्ध्या वस्तीच्या भानगडी त्या पाकिटांतून गेल्या असतील, पण भाऊजींना त्यातली एकही ठाऊक नाही. "डाग आपला, खिसा त्याचा," असं ते सांगत. माझी भाची चिंगी शिक्षण आटोपून काउंटरवर बसायला लागली, तेव्हा इस्त्री हातात देण्याआधी त्यांनी तिला हे शिकवलं.

मी हे सगळं जवळून बघत आलो, कारण माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागूनच आहे. बॅगांना चेन बसवता बसवता पलीकडून भाऊजींचा आवाज ऐकणं, हाच माझा रेडिओ.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं सत्ताविसाव्या वर्षी एके दिवशी सांगितलं, "बाबा, मला लग्न करायचंय. मुलगा मी ठरवलाय."

भाऊजींनी इस्त्री उभी केली. "कोण?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"हा रोज तुला न्यायला येतो तो?"

"तोच."

त्याला आम्ही सगळेच ओळखत होतो, म्हणजे पाहून माहीत होता. वर्षभर दिवेलागणीच्या सुमारास तो दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहायचा. उंच, जरा वाकलेला, नखांत वंगण. चिंगी बाहेर आली की तिच्या कोपराला धरायचा आणि दोघं घराकडे चालायला लागायचे. ते कोपर धरणं भाऊजींना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. "भर रस्त्यात धरायचं म्हणजे काय? ती काय पळून चाललीय?" असं ते मला विचारत. मी म्हणायचो, आजकालची मुलं आहेत. माझं उत्तर नेहमी एवढंच असतं आणि बहुतेक वेळा ते निरुपयोगी असतं.

रीतसर बघायला म्हणून त्याला घरी बोलावलं. मीही होतो. भाऊजींनी त्याला खिडकीजवळच्या, बरोबर उजेडातल्या खुर्चीवर बसवलं.

"लिफ्ट कधी पडते का?"

"नाही. अडकते फार तर."

"फार तर म्हणजे पडू शकते."

"दोरखंड सहा असतात. एक तुटला तरी पाच असतात."

"एक तुटतो, म्हणजे तुटतो तर."

तो हसला. भाऊजी हसले नाहीत. चिंगी चहाचा ट्रे घेऊन आली, तशी त्यानं वाटेतलं बुटकं स्टूल पटकन हातानं ओढून बाजूला केलं आणि उंबरठ्याकडे बघत "पायरी आहे" असं हळूच पुटपुटला. हे भाऊजींच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांच्या नजरेतून काय सुटतं!

तो गेल्यावर घरात चर्चासत्र बसलं. "मला तर बरा वाटला," ताई म्हणाली. ताई म्हणजे माझी बहीण, चिंगीची आई. "हातचं काम आहे, बोलणं गोड आहे. एकच खटकतं. पस्तिशीला टेकला तरी लग्न कसं झालं नाही?"

"बरा वाटतो हीच खोट," भाऊजी म्हणाले. "पहिल्या धुण्यात रंग सोडणारं कापड दुकानात सगळ्यांत छान दिसतं. आणि स्वतःशी बोलतो, ऐकलंस का? पायऱ्या मोजतो."

चिंगी दारात उभी राहून हे ऐकत होती. "रविवारी सांगा," ती म्हणाली. "नाही म्हणालात तर कारण सांगा, आणि ते खरं असू द्या. उगाच संशय म्हणून नाही म्हणालात, तरी मी लग्न करणारच. पण मग या घरात परत पाय ठेवायला मला जमणार नाही."

ती बापावर गेली होती. बोलली की बोलली. भाऊजींना आता रविवारपर्यंत एक तरी सज्जड खोट हवी होती, नाहीतर होकार द्यावा लागणार होता. ऊठसूट ते माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. "पोरीला यानं पार बिघडवलंय," ते म्हणायचे. आणि पुरावे देऊ लागले. चिंगीच्या हातून हल्ली डाग सुटत. परवा एका शालीच्या काठावरचा तेलाचा डाग, पैशाएवढा, तिला दिसला नाही. नंबराच्या चिठ्ठ्या भलत्याच कपड्यांना टाचल्या जात. डाव्या हाताला ठेवलेली खळीची बाटली तिनं महिन्यात तीनदा पाडली. दुकानाच्या अर्ध्या दाराला आपटून तिच्या मांडीवर काळेनिळे वळ उठले होते. "चित्त थाऱ्यावर नाही," भाऊजी म्हणाले. "सगळं लक्ष त्याच्यात." मला ते पटलं. प्रेमात पडलेली माणसं धडपडतात, हे मी पाहिलेलं आहे.

बुधवारी लिफ्टवाल्यानं आपलं करडं जॅकेट धुवायला दिलं. रविवारी उत्तर ऐकायला नीटनेटकं यावं म्हणून. चिंगीनं ते घेतलं आणि नोंदवहीत लिहिलंच नाही. "घरचंच आहे," म्हणाली. ती जेवायला गेल्यावर भाऊजींनी ते जॅकेट दिव्याखाली पसरलं. एका जॅकेटवर एवढा वेळ घालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वंगणाच्या डागांपलीकडे काही मिळेना. मग आतला खिसा. त्यात चौघडी घातलेला कागद.

भाऊजींनी पाकीट काढलं. तोंड उघडलं. मग ते परत खाली ठेवलं.

"मेहुणे," ते मला म्हणाले, "हे जॅकेट वहीत नाही ना?"

"नाही."

"वहीत नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही म्हणजे नियम नाही."

मी 'नका' म्हणायला हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. भाऊजींनी घडी उलगडली. कागद मोठ्या दवाखान्याचा होता. नाव नव्हतं, फक्त नंबर. नेत्र विभाग, खोली बारा, गुरुवार, सकाळी साडेनऊ. खाली शिक्का: डोळ्यांत औषध घातल्यावर काही तास नीट दिसणार नाही, सोबत एक माणूस आणावा.

भाऊजी स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि त्या दुःखाच्या आडून समाधानही डोकावत होतं. "आंधळा होतोय हा," ते म्हणाले. "बघ, सगळं जुळतं. तिचं कोपर धरून चालतो. पायऱ्या बोलून दाखवतो. स्टूल हातानं चाचपून बाजूला केलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस, अन् डोळे गेलेले! माझ्या पोरीला काठी करायला निघालाय, काठी."

माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी दृश्यं आली आणि खरंच सगळं जुळलं. मला चीड आली. आमच्या चिंगीनं जन्मभर त्याला हाताला धरून फिरवायचं?

गुरुवारी चिंगीनं मैत्रिणीकडे जायचंय म्हणून सुट्टी घेतली होती. आम्ही दोघांनी ताईला हँगर आणायला जातो असं सांगितलं आणि नऊ वाजताच दवाखाना गाठला. बारा नंबरच्या खोलीसमोर लांब बाकं होती, आणि जरा पलीकडे एक जाड खांब. त्याच्या आड आम्ही दोन पोक्त माणसं चोरासारखी उभी राहिलो. लोक आमच्याकडे बघत होते. भाऊजी मात्र तरतरीत झाले होते. रंगेहाथ पकडायचं होतं त्यांना.

साडेनऊला पाच कमी असताना तो आला. बरोबर चिंगी. जाडजूड फाईल मात्र त्याच्या हातात.

"म्हणजे तिला माहीत आहे," भाऊजी माझ्या कानाशी फुसफुसले. "माहीत असून आपल्यापासून लपवलं. बघ, हे असं शिकवतो तो तिला."

नंबर पुकारला गेला. चिंगी उठली आणि आत गेली. तो बाकावर बसून राहिला, फाईल मांडीवर घेऊन.

"नंबर चुकला असेल," भाऊजी म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं.

"औषधाचं विचारायला गेली असेल त्याच्या."

पाऊण तास गेला. भाऊजी एकेक खुलासा देत राहिले, आधी मला, मग नुसतेच ओठ हलवत. शेवटी दार उघडलं आणि चिंगी बाहेर आली. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या पसरून मोठ्या काळ्या झाल्या होत्या. एक हात पुढे धरून ती चालत होती. लिफ्टवाला उठेपर्यंत ती खांबाजवळून गेली. भाऊजी तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभे होते. लपायचं त्यांना सुचलंच नाही. तिची ओढणी त्यांच्या हाताला लागली, तशी ती म्हणाली, "माफ करा हं काका," आणि पुढे गेली.

त्यानं मात्र आम्हाला पाहिलं. भाऊजींकडे क्षणभर बघितलं, मान खाली घातली, तिचं कोपर धरलं आणि म्हणाला, "पायरी आहे."

परतल्यावर भाऊजींनी दुकान उघडलं नाही. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर ते घरात बसून होते आणि ताई रडत होती. तासाभरानं चिंगी आली. बापाला भलत्या वेळी घरी बघून थबकली.

भाऊजींनी तो कागद तिच्या हातात दिला. "त्याच्या खिशातला," म्हणाले. "मी वाचला. आज तिथं आलोही होतो."

चिंगीनं कागद चेहऱ्याच्या अगदी समोर धरला. मग तिची मान ताठ झाली. "खिसा त्याचा होता, बाबा."

"हो."

"तुम्हीच शिकवलंत."

"हो. चुकलो."

ती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. डावीकडचं जास्त गेलंय. उजेड कमी झाला की आणखी कमी. थांबवता येत नाही, डॉक्टर फक्त किती उरलंय ते मोजतात. दीड वर्ष झालं कळून. त्याला लग्नाचं तिनं चारदा नाही म्हटलं होतं, त्यानं पाचव्यांदा विचारलं. ती हे हिशेब सांगावेत तसं सपाट आवाजात सांगत होती आणि ताईनं आपला पदर तोंडात कोंबला होता. माझ्या डोळ्यांपुढे ती खळीची बाटली येत राहिली. तीनदा पडली तेव्हा तीनदा मी भिंतीपलीकडून हसलो होतो. मला माझी लाज वाटली.

भाऊजी ऐकत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि मला वाटलं, आता हे रडणार. पण संशयी माणसाचं दुःखही चौकशी करतच बाहेर पडतं. "दीड वर्ष," ते म्हणाले. "दीड वर्ष आईला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस. मी दिवसभर तुझ्या शेजारी उभा असतो. अन् त्या परक्या माणसाला आधी सांगितलंस?"

चिंगीनं त्यांच्या आवाजाच्या दिशेनं पूर्ण मान वळवली, कारण आता तिला तशीच वळवावी लागते.

"त्याला मी सांगितलं नाही, बाबा," ती म्हणाली. "त्याला दिसलं."