सईचे जाड शेंगोळे

मंडळी, आज दुपारी आमच्या स्वयंपाकघरात माझी सात वर्षांची लेक सई जिंकली.

ती शेंगोळ्यांना तोंड लावत नाही. आज हुलग्याचं पीठ मळताना मी कारण विचारलं. म्हणाली, "मी वळलेले तू मोडतेस आणि परत वळतेस. मला दिसतं."

खरं होतं. तिची पाठ वळली की मी तिचे शेंगोळे बारीक करायचे. जाड कच्चे राहतात, असं स्वतःला सांगायचे.

आज तिनं एक नाग वळला आणि एक ट्रकचं चाक. कन्नड तालुक्यातल्या गावाहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लई जाड झालं गं, शिजायचं नाय. दे इकडं."

"असू द्या, आई." मी सगळे तसेच फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडले आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ शिजवले.

वाळूजहून पहिली पाळी करून आलेल्या नवऱ्याच्या वाटीत चाक निघालं. "असलं आमच्या कंपनीतसुद्धा बनत नाही!"

सासूबाईंनी नाग मोडून पाहिला. "व्हय की, शिजला!" सईनं दोन वाट्या संपवल्या.

तिची चित्रं, तिचं अक्षर, तिची वेणी: आणखी काय काय मी गुपचूप नीट करत असते? तुम्हीही करता का?