मुलाखतीच्या सकाळी गप्प बसलेलं मशीन

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. कंप्युटरवर चिडून काही उपयोग नसतो हे मला कळतं, पण त्या सकाळी मी त्याच्याशी भांडत होते. तेही दबक्या आवाजात, कारण स्वयंपाकघरात सासूबाई होत्या आणि त्यांना वाटत होतं की माझी सगळी तयारी झाली आहे.

आमची वस्ती राहू गावाच्या पुढे, उसाच्या आत. नवरा दौंडला रेल्वेत, त्याची ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. मी पूर्वी शिक्रापूरजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायचे. मुलगी झाली आणि ते सुटलं. ट्रकांच्या रांगेत संध्याकाळ घालवून घरी यायचं, तोवर पोर झोपलेली. घरी बसून करता येईल असं काम शोधता शोधता पुण्यातल्या एका कंपनीनं फोनवर दोनदा बोलणं केलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, आता करून दाखवा. ही नोकरी कायम घरूनच करायची होती. ती हुकली असती तर माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: शिक्रापुरात खोली घेऊन पोरीला वस्तीवर सोडून जायचं, नाहीतर नोकरीचं नावच टाकायचं. पहिली वाट मला नको होती आणि दुसरी त्याहून नको होती.

करून दाखवायचं होतं ते असं. माझ्या घरच्या कंप्युटरच्या पोटात आणखी एक कंप्युटर उभा करायचा. तो हाताला लागत नाही, पण चालतो खऱ्यासारखा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या मशीनला घरच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा नंबर द्यायचा, त्याच्यावर एक वेबपेज ठेवायचं आणि तो नंबर टाकून ते पेज बाहेरच्या, म्हणजे घरच्या खऱ्या कंप्युटरवर उघडून दाखवायचं. मी ते आठवडाभर आधीच उभं केलं होतं. नंबर निवडताना त्याला हाकही मारून, म्हणजे पिंग करून बघितली होती. कुणी ओ दिली नाही, म्हणजे नंबर रिकामा, म्हणून घेतला. रोज पेज उघडत होतं. आदल्या संध्याकाळीही उघडलं होतं.

आणि त्या सकाळी उघडेना.

मशीन चालू होतं. आतून सगळं ठीक दिसत होतं. पण बाहेरून हाक मारली की कधी उत्तर यायचं, कधी यायचं नाही. पूर्ण बंद पडलेलं परवडतं, निदान ते बंद आहे एवढं तरी कळतं. हे असं अधूनमधून जिवंत होणारं दुखणं माणसाला रडवतं. मी केबल काढून घातली. मशीन बंद करून चालू केलं. फायरवॉल उतरवली. मशीनची नेटवर्कशी बांधलेली गाठ वाय-फायवर पडली की केबलवर, ते तपासलं. ती केबलवरच होती, जिथं असायला हवी तिथंच. राउटर बंद करून चालू केला आणि तो परत हिरवा होईपर्यंत देव आठवले.

त्यात बाहेरची धास्ती निराळीच. गावच्या विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि माझे सासरे, आबा, हे पंचक्रोशीत विचारले जाणारे माणूस. रोज सकाळपासून दोन्ही पॅनेलची माणसं ओसरीवर येऊन बसायची. मोठ्यानं बोलणं, मोठ्यानं हसणं, मधेच कुणाचा तरी फोन स्पीकरवर. आणि माझा कंप्युटर ओसरीला लागून असलेल्या खोलीत, मधे नुसता पडदा. सकाळी आबांनी विचारलं होतं, "किती वाजता हाय तुझं?" मी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून ते गोठ्याकडे गेले. मला मनातून राग आला. वाटलं, यांना काय त्याचं. आता कुणीतरी येईल, मग हे येतील, मग चहाची ऑर्डर सुटेल.

अकराला मुलाखत घेणाऱ्या बाई स्क्रीनवर आल्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या. मी नमस्कार केला आणि माझ्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "मॅडम, कालपर्यंत चालत होतं. आज चालत नाहीये."

बोलले आणि जीभ चावली. कालपर्यंत चालत होतं, हे वाक्य मी कारखान्यात शेकडो लोकांकडून ऐकलं होतं आणि प्रत्येकाला मनातल्या मनात हसले होते.

त्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे. तुमची स्क्रीन मला दाखवा आणि शोधा. मी बघते."

कुणी आपल्याकडे बघत असलं की साधं कुलूपही उघडत नाही. माझी बोटं चुकीची अक्षरं दाबत होती. मी केलेलं सगळं पुन्हा करून दाखवलं आणि ते सगळं पुन्हा फसलं. बाई मधे एकदाच म्हणाल्या, "हे तुम्ही मघाशी केलंत." माझे कान तापले. पाठीमागे सासूबाई पडद्याआडून डोकावून गेल्या, मला त्यांच्या बांगड्यांवरून कळलं. पोर आत कुठेतरी काहीतरी मागत होती आणि तिला कुणीतरी गप्प करत होतं. मला वाटलं, झालं, संपलं. शिक्रापुरातली ती खोली मला दिसायला लागली, पत्र्याची, गॅलरीत पाण्याचं पिंप असलेली.

मग रागाच्या भरातच मी एक गोष्ट केली. म्हटलं, चालत नाहीस ना, मग राहा बंदच. आणि मशीन बंद केलं. पार बंद. बंद केल्यावर सवयीनं त्याच्या नंबराला आणखी एकदा हाक मारली.

उत्तर आलं.

पुन्हा मारली. पुन्हा आलं. आता अडखळत नाही, लागोपाठ, स्वच्छ. मशीन बंद पडलेलं आणि त्याच्या नावानं कुणीतरी ओ देत होतं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"कोण आहे तिथे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. पण काय झालंय ते आता कळलं होतं. आमच्याकडे जमिनीच्या एकाच गटावर दोघांची नावं लागली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हाही पेरायला जातो, तोही पेरायला जातो, आणि पीक कुणाच्याच हाती लागत नाही. माझ्या मशीनचा नंबर घरात आणखी कुणाकडे तरी होता. फक्त तो कुणी इतके दिवस गप्प होता आणि नेमका आज जागा झाला होता.

"ब्राउझरमध्ये टाका तो नंबर," बाई म्हणाल्या. "बघू कोण दार उघडतंय."

मी टाकला. माझं पेज आलं नाही. एक निळं पान आलं, नाव आणि पासवर्ड आधीच भरलेलं. ते पान मी ओळखलं. वखारीत कांदा होता तेव्हा चोरीच्या भीतीनं आबांनी कॅमेरा बसवून घेतला होता आणि त्यांच्या मोबाइलवर तो मीच जोडून दिला होता. कांदा विकला गेल्यावर कॅमेऱ्याची पिन काढून ठेवली, त्याला कित्येक महिने झाले. नंबर रिकामा वाटला तो म्हणूनच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बटण दाबलं.

चित्र आलं. वखारीवरून दिसणारी आमच्या वस्तीची वाट. वाटेवर एक पांढरी गाडी थांबलेली, तिच्यातून उतरलेली चार-पाच माणसं, कडक इस्त्रीचे कपडे. आणि त्यांच्यापुढे वाटेच्या मधोमध, दोन्ही हात जोडून उभे असलेले आबा.

त्या कॅमेऱ्याला आवाजही आहे हे मी विसरले होते.

"...आत न्हाई सोडता यायचं," आबा म्हणत होते. "सूनबाईची परीक्षा चाललीया कंप्युटरवर. दुपारच्याला या."

"आबा, आवं निस्ता चहा घिऊन जातो. मोठ्यानं न्हाई बोलत."

"चहा बी न्हाई आज. माफ करा."

एकजण हसला. दुसरा हसला नाही. तो म्हणाला, "दारातनं माणूस माघारी लावलाय आबांनी. ध्यानात ठिवतो."

"ठिवा," आबा म्हणाले. हात तसेच जोडलेले.

आमच्या भागात वाटेवरून माणूस माघारी पाठवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वैऱ्यालाही आधी पाणी देतात आणि मग भांडतात. मी लग्न होऊन आल्यापासून आबांनी कुणालाही चहा दिल्याशिवाय जाऊ दिलेलं पाहिलं नव्हतं. आणि हे निवडणुकीच्या दिवसांत, पॅनेलच्या माणसांना. मला रडू आलं. लाजही वाटली आणि सकाळपासून त्यांच्यावर धरलेल्या रागाचं काय करावं ते समजेना. स्क्रीनवर बाई होत्या, त्यांना तेच दिसत होतं, तेच ऐकू येत होतं.

"सासरे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं. मग आता काय कराल? कॅमेरा बंद करायला सांगाल?"

तेच सोपं होतं. एक हाक मारली असती की आबांनी पिन काढली असती. पण मग त्यांना कळलं असतं की घोळ त्यांच्या कॅमेऱ्यानं केला, आणि तेही मुलाखत चालू असताना. आबा तिथल्या तिथे खचले असते. "नाही," मी म्हटलं. "नंबर आधीपासून त्याचा आहे. मी माझा बदलते."

मी मशीन चालू केलं, दुसरा नंबर दिला आणि या वेळी राउटरमधली सगळी यादी बघूनच दिला. हाक मारली. उत्तर आलं. पेज उघडलं. ते साधंसुधं पांढरं पान होतं, त्यावर दोन ओळी. इतकं सुंदर पान मी नंतर केलेलं नाही. बाईंनी आणखी पाच-सहा प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, काय दिली ते आता आठवत नाही. "कळवतो," म्हणून त्या गेल्या.

मी बाहेर वाटेवर गेले. आबा अजून तिथेच होते, उन्हात, मोबाइल हातात.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"ह्यो कॅमेरा लावला हुता म्या सकाळी, गोठ्यातनं वाट दिसावी म्हनून. कुणी वळलं की तवाच अडवायचं, कुत्रं भुकायच्या आत. पर चित्रच अडकायलं सारखं. मग म्हनलं, जाऊन हुबंच ऱ्हावं."

म्हणजे सकाळभर मी त्यांचं चित्र तोडत होते आणि ते माझं पेज. मला हसू आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी तुझी नोकरी म्या घालवली व्हय?"

"न्हाई ओ आबा. सापडलं मला. त्यांच्यासमोरच सापडलं."

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढचे काही दिवस ते माझ्याशी जपून बोलत होते. त्याच दिवसांत त्या पांढऱ्या गाडीतल्या प्रत्येकाच्या घरी ते स्वतः जाऊन बसून आले. एकानं नीट बोलणं केलं, एकानं केलं नाही. हे मला सासूबाईंकडून कळलं.

नोकरीचा फोन आला तेव्हा आबा भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजी आता पुन्हा तसंच बसायचं? कवा?"

"रोज, आबा."

"रोज?"

"रोज. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत."

ते वाटेकडे बघू लागले. मला वाटलं, आता म्हणतील, ओसरी बंद कशी करायची, माणसं तोडायची का. लग्न झाल्यापासून या घरात माझ्या शिक्षणाला सगळ्यांनी चांगलंच म्हटलं होतं, पण मी जे करायचे त्याला 'कंप्युटरवर बसती' म्हणायचे. शेत हे काम, गोठा हे काम, रेल्वे हे काम. माझं ते बसणं.

आबा उठले, धोतर झटकलं आणि गोठ्याकडच्या मोकळ्या जागेत, चिंचेखाली, दोन बाजा ओढून नेऊन टाकल्या. मग ओसरीवरची खुर्ची नेली. त्याच संध्याकाळी कुणीतरी आलं आणि सवयीनं ओसरीकडे वळलं.

"हिकडं या, हिकडं," आबांनी चिंचेखालून हाक मारली. "तिकडं आमच्या सूनबाईचं हापिस हाय."