लेखी सरांचा शंकांचा तास

आमच्या संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दोनशे मुलं असतात आणि शिकवणाऱ्या मॅडम एकच. म्हणून दर सत्रात मॅडमच्या हाताखाली आम्ही चार टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे, असतो. मॅडम व्याख्यान देऊन जातात, आणि ज्याला जे कळलं नाही ते आमच्या गळ्यात पडतं. आठवड्यातून दोन तास दार उघडं ठेवून बसायचं आणि येईल त्याची शंका फेडायची. याला आम्ही शंकांचे तास म्हणतो.

चौघांतले आम्ही तिघं पंचविशी-तिशीतले, प्रबंध लिहिता लिहिता हे काम करणारे. चौथे लेखी सर, वय बावन्न. त्यांचा स्वतःचा प्रबंध कधीच बारगळला होता, तरी मॅडम त्यांना दर वर्षी पुन्हा घेत, कारण त्यांच्याइतकं नीट समजावणारं दुसरं कुणी नव्हतं. नेमणूक एका वर्षाची. वर्ष सरलं की पुन्हा मॅडमच्या सहीची वाट बघायची. असं एकोणीस वर्षं चाललं होतं. शंकांचे तास सोडले तर त्या माणसाला जगात दुसरं काही नको होतं, हे मी अगदी शपथेवर सांगेन.

'लेखी' हे नाव मुलांनी ठेवलेलं. कुणी दारात येऊन "सर, एक विचारायचं होतं" म्हटलं, की सर एक पाठकोरा कागद पुढे सरकवत. "तोंडी नको. लिही." मुलगा वैतागून काहीतरी खरडे. सर वाचत, दोन शब्द खोडत आणि कागद परत देत. "'हे कळत नाही' म्हणजे? 'हे' म्हणजे कोण?" तिसऱ्यांदा लिहिताना बहुतेकांची शंका आपली आपणच सुटे आणि मंडळी थोडी ओशाळून, थोडी खूश होऊन निघून जात. मीही ही युक्ती करून पाहिली. माझ्याकडची मुलं कागद बघून जी पसार झाली ती सत्रभर फिरकली नाहीत.

सर आणि मी एकाच खोलीत बसायचो. दोन टेबलं, मध्ये पुस्तकांचं कपाट, आणि एक खिडकी जी अर्ध्याहून जास्त कधी उघडली नाही. त्यांचा वार बुधवार, माझा गुरुवार, पण बुधवारीही मी माझ्या टेबलाशी असेच. त्यामुळे इतरांच्या ध्यानात आलं नाही ते माझ्या आलं. सरांना ऐकू येत नव्हतं. पाठीमागून हाक मारली तर भिंतीला मारल्यासारखी. माणूस समोर बसला, तोंडावर उजेड असला, तर ओठ वाचून ते वेळ निभावून नेत. कागदाची युक्ती त्यातूनच निघालेली. सोंगच होतं ते, पण गुणाचं निघालं, आणि मी त्याकडे कानाडोळा केला.

एकदा त्यांची बायको घरी राहिलेला चष्मा द्यायला आली. सर वर्गात होते. काकूंनी मला बाहेर नेलं.

"तुला कळलंच असेल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. कानाचं यंत्र आणून ठेवलंय, ते कपाटात पडलंय. लावलं तर मॅडमना दिसेल म्हणतात. मी म्हटलं, दिसू दे की! तर म्हणतात, ज्याला प्रश्नच ऐकू येत नाही त्याला शंकांच्या तासाला कोण बसवेल?"

"मी नाही सांगणार कुणाला, काकू."

"नकोच सांगूस बाई. हा माणूस घरी बसला तर खचेल."

मी शब्द दिला. तेव्हा मला त्यात फार मोठेपणा वाटला.

मग गेल्या वर्षीच्या परीक्षेआधीचा बुधवार आला. रांग खोलीबाहेर गेलेली, कागद लिहायला कुणाला सवड नाही. चष्मेवाली एक मुलगी दाराच्या चौकटीतूनच बोलली. तिच्या पाठीमागे उजेड होता, चेहरा अंधारात. "सर, दवाखान्यात लोक किती वेळ थांबतात त्या गणितात दोघं-तिघं दिवसभर बसून राहिलेत. तिथे मध्य का चालत नाही?"

मध्य म्हणजे सगळ्यांचा वेळ मिळवून माणसांच्या संख्येने भागायचं. मध्यक म्हणजे सगळ्यांना वेळेच्या क्रमाने उभं करून मधल्याचा वेळ घ्यायचा. दोन वेगळी मापं, आणि नावांत फरक एका 'क'चा. ओठ वाचणाऱ्याची तिथेच फसगत होते, कारण 'क' घशात उमटतो, ओठांवर दिसत नाही. एरवी सर अशा वेळी पुन्हा विचारत. त्या दिवशी गर्दी होती. मध्यक का चालत नाही, असं विचारलंय असं धरून त्यांनी मध्यकाच्या विरुद्ध तीन कारणं दिली. कारणं सुरेख होती. तिच्या प्रश्नाच्या बरोबर उलटी होती. तिने ती चौकटीला वही टेकवून जशीच्या तशी उतरवून घेतली.

मी प्रश्न ऐकला आणि उत्तरही ऐकलं. "सर, तिने ते नाही विचारलं," एवढंच म्हणायचं होतं. पण पंधरा जणांसमोर तसं म्हणायचं म्हणजे सरांचं सगळं चव्हाट्यावर आणायचं. ती बाहेर पडली की तिला गाठून सांगू, असं मी मनाशी ठरवलं. ती बाहेर पडली. मी खुर्चीवरून उठले नाही. तो प्रश्न परीक्षेत आठ गुणांना आला आणि ती तीन गुणांनी नापास झाली.

या वर्षी मॅडमनी नवं काढलं. पहिल्या व्याख्यानाला चारही टीएंनी मंचावर बसायचं, आपली खोली, वार, वेळ सांगायची आणि मुलांनी बसल्या जागेवरून काय हवं ते विचारायचं. आदल्या दिवशी दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. कानांविषयी आमच्यात एका शब्दानेही बोलणं झालं नव्हतं.

"हॉलमध्ये आवाज घुमतो," ते म्हणाले. "तू माझ्या शेजारी बसून प्रश्न लिहून देशील?"

"देईन की."

"बारीक अक्षरात नको."

पहिले तीन प्रश्न साधे होते. मी लिहिले, सरांनी झकास उत्तरं दिली, मुलं हसली. मग पाचव्या रांगेतून चष्मेवाली उभी राहिली.

"सर, मागच्या वर्षी मी विचारलं एक आणि तुम्ही सांगितलंत भलतंच. मी तेच लिहिलं आणि नापास झाले. या वर्षी तुमच्याकडे यावं की नाही?"

मॅडमनी मान वळवली. मी कागदावर लिहिलं: 'बुधवारी किती वाजता यायचं?'

सरांनी वाचलं आणि माइकवर मोकळेपणाने म्हणाले, "दोन ते चार. लवकर आलीस तर खुर्ची मिळेल."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग निम्मा हॉल. मुलगी तशीच उभी. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग हॉलकडे. तोंडं वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. ते माझ्याकडे वळले.

"हे तिने विचारलेलं नाही."

"सर, मी नंतर..."

"दया करायची असेल तर मोठ्याने कर. हळू केलेली मला ऐकू येत नाही."

ते कुजबुजले होते, पण माइक तोंडाशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सगळ्या हॉलने ऐकलं. मी मुलीचा प्रश्न शब्दाला शब्द लिहिला. सरांनी तो स्वतः मोठ्याने वाचला.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं होत आली. मी लपवलं. काय विचारलं होतंस, इथे येऊन लिहितेस?"

ती पुढे आली. तिने फळ्यावर लिहिलं, 'मध्य का चालत नाही?' सर बराच वेळ तो शब्द बघत राहिले. मग खडू घेऊन त्यांनी पाच मिनिटांत तिला बरोबर उत्तर दिलं: दिवसभर बसलेले ते दोघं-तिघं मध्याला आपल्याकडे ओढून नेतात, मधला माणूस मात्र जागचा हलत नाही. लहान मुलालाही कळावं इतकं सोपं. मग ते वर्गाकडे वळले.

"ही परत आली म्हणून मला कळलं. अशा किती जणांना मी चुकीचं सांगितलं? मोजायला शिकवणारा माणूस मी, आणि हा आकडा माझ्याकडे नाही." ते खाली बसले. मला रडू आलं आणि रडण्याचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटलं.

मॅडम कठोर वागल्या नाहीत. कानाला यंत्र लावा, सवय होऊ दे, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाल्या. तोवर सरांकडे उत्तरपत्रिका तपासायचं काम आलं, तेही घरून. काकूंनी फोनवर सांगितलं की आता ते यंत्र लावतात आणि भांडी फार वाजतात अशी तक्रार करतात. जेवतात कमी, असंही म्हणाल्या. शंकांचा बुधवार माझ्याकडे आला.

पहिल्या बुधवारी दोनच्या ठोक्याला चष्मेवाली आली आणि समोर बसली. मी मनात जुळवून ठेवलेलं बोलायला लागले. सरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना फार लागलं आहे, वगैरे.

"सरांनी वर्गासमोर कबूल केलं," ती मध्येच म्हणाली. "माझा त्यांच्यावर राग नाही. त्या दिवशी तुम्ही इथेच बसला होतात ना? याच टेबलाशी?"

"हो."

"सरांना ऐकू येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने वही उघडून पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या उत्तरासाठी थांबली.

"येत होतं," मी म्हटलं.