मापाचा ब्लाऊज

दुपारची भांडी उरकली की आमच्या पडवीत बायका जमतात. एक हूक लावते, एक साडीला फॉल लावते. एकीला सुईत दोरा ओवता येत नाही, पण तिची जीभ कात्रीसारखी चालते, म्हणून तिलाही जागा आहे. मशीन सासूबाईंचं. मी त्याला मोटर बसवली, आणि आता त्या बाजेवर बसून शेंगा फोडत माझ्या चुका काढतात.

कुणाचं माप घ्यायचं असलं की पडवीत चेष्टेला ऊत येतो. हात वर कर, श्वास सोड, पोट आत घेऊन कुणाला फसवतेस. अख्ख्या तिसगावात कोण सुटलं आणि कोण वाळलं, ते आधी माझ्या टेपला कळतं.

बौद्धवस्तीतल्या बायका आल्या की मात्र सासूबाई विचारायच्या, मापाचा ब्लाऊज आणलाय ना? त्यांनी तो आणलेलाच असायचा. पिशवी पायरीवर ठेवायची, गळा कसा हवा ते सांगायचं आणि निघायचं. मशीन माझ्याकडे आलं, तशी ही रीतही आली. मी बारावी शिकलेली, जातपात मानत नाही असं चारचौघींत ठणकावून सांगणारी. कुणी विचारलंच असतं, तर जुन्या ब्लाऊजवरून फिटिंग चांगलं येतं असं उत्तर दिलं असतं. कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच वस्तीतली एक मुलगी साखरपुड्याचा ब्लाऊज शिवायला घेऊन आली. ती गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधून बीपी तीच बघते. मोबाईलवर गळ्याचा फोटो दाखवून ती म्हणाली, मापाचा ब्लाऊज कॉलेजातला आहे, आता घट्ट होतो. मी मशीनवरून न उठताच म्हणाले, ठेवून जा, अंदाजानं वाढवते.

माझा अंदाज चुकला. साखरपुडा तोंडावर आला असताना ती आईला घेऊन परत आली. बाह्या दंडातून वर चढत नव्हत्या. चूक कबूल करायची सोडून मी हसून म्हणाले, लग्नाच्या आनंदानं अंग भरलं गं तुझं. बायकाही हसल्या.

ती हसली नाही. म्हणाली, "मी सांगितलं हुतं, ताई. टेप तुमच्या गळ्यातच हुती."

जिची जीभ कात्रीसारखी चालते, तीही रिळाशी चाळा करत बसली. सासूबाई शेंगा फोडतच राहिल्या. माझे कान तापले. हिचा हात आमच्या घराला चालतो, आणि हिच्या दंडाला टेप लावायला मी कधी उठले नाही. आतल्या शिवणीत जादा कापड सोडलंय, उसवून वाढवता येईल, असं काहीतरी पुटपुटत मी उठले आणि टेप घेऊन पायरीपाशी गेले.

तिनं हात वर केला नाही. माझ्याकडून टेप घेतली आणि एक टोक आईच्या हाती दिलं. मायलेकींनी मिळून दंड मोजला, छाती मोजली, पाठ मोजली. तिनं आकडे सांगितले आणि मी खडूनं अस्तराच्या तुकड्यावर लिहिले. माझ्या पडवीत माझ्याच टेपनं माप चाललं होतं आणि मला हात लावायची मुभा नव्हती. ती मुभा मीच घालवली होती. इतकी लाज मला माझ्या जन्मात वाटली नव्हती.

मी शिवणी उसवून ब्लाऊज पुन्हा शिवला. बरोबर बसला म्हणे. म्हणे, कारण न्यायला ती आली नाही, आईला पाठवलं. आईच्या पिशवीत स्वतःसाठी नवं ब्लाऊजपीस होतं, आणि त्याच्या घडीत काखेत विरलेला मापाचा ब्लाऊज.

मी म्हणाले, मावशी, वर या, टेपनं माप घेते.

तिनं एकदा बाजेकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. मग पिशवी पायरीवर ठेवली, नेहमीच्याच जागी. "ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "तुमाला कशाला तरास?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. मला अजून एकदा म्हणता आलं असतं, पायरी उतरून खाली जाता आलं असतं. मी वाकून पिशवी उचलली. टेप गळ्यातच होती.