शकूच्या पाठीवरचा खो

एका मैदानावर रोज संध्याकाळी दहा-बारा पोरी जमल्या की किस्से साठतच जातात. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या मुलुंडच्या खो-खो संघाचे निम्मे किस्से तर एकट्या शकूचे!

शकू तेरा वर्षांची, मावशीकडे नुकतीच राहायला आलेली. पळायची झकास. पहिल्याच दिवशी मी मागून तिच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हटलं. तिनं उठून समोरच्या पोरीमागे पळायचं, तर वळून माझ्याच कानाखाली वाजवली! आणि माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली.

*

आमच्या कोच लताताई दिवसा हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात नर्स. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. शकू अगदी लहान असल्यापासून तिचा बाप दारू पिऊन तिला मागून मारायचा, हे त्यांना मावशीकडून कळलं होतं.

"ती ठरवून मारत नाही गं," ताई म्हणाल्या. "त्या वयात डोकं घडत असतं. पाठीला हात लागला की मार आला, एवढंच ते शिकलंय. विचार मागाहून पोचतो."

"मग आता?"

"अजून वाढतंय ना डोकं? नवीन शिकवू."

*

नवीन म्हणजे काय, तर सराव संपला की शकूनं स्वतः माझा हात धरून आपल्या पाठीवर ठेवायचा. आणि खेळताना आम्ही आधीच ओरडायचं, "शकू, मी येतेय!" हळूहळू तिचं दचकणं कमी झालं.

वाट लागली ती घाटकोपरच्या साखळी मॅचला. आम्ही सवयीनं ओरडत राहिलो आणि खो कुठे मिळणार ते समोरच्या पोरींना आयतं कळत गेलं. सपाटून हरलो! लताताई मात्र खुशीत होत्या, कारण शकूनं कोणाला मारलं नव्हतं.

*

साखळीतल्या बाकीच्या मॅच कशाबशा जिंकून आम्ही फायनलला पोचलो. तेव्हा आमच्या मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले, शकूला वगळा. ओरडलात तर हराल, नाही ओरडलात तर ती कोणाला तरी मारेल आणि पंच बाहेर काढतील. शकूनं ते ऐकलं आणि ती गुपचूप चपला घालून निघाली. मला फार वाईट वाटलं. मी तिला फाटकाशी गाठलं आणि सांगितलं, पहिला खो मीच देणार, न ओरडता.

"आणि मारलं तर?"

"तर मार. दुसरा कान आहे ना."

*

फायनलला मी नुसतंच "खो" म्हटलं. शकू क्षणभर शहारली, मग उठली आणि तिनं समोरच्या पोरीला खांबाजवळ गाठून बाद केलं. आम्ही जिंकलो.

मॅच संपल्यावर ती मैदानाकडे तोंड करून पाणी पीत बसली होती. तेवढ्यात काका आनंदाच्या भरात मागून आले, आणि आम्ही अडवायच्या आत त्यांनी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली, "शाब्बास!"

शकू पेला टाकून ताडकन उठली आणि पळत सुटली, थेट खांबापर्यंत!

काका हात तसाच वर धरून आमच्याकडे बघत राहिले. "पोरींनो, मी कुठे खो दिला?"