तलावातल्या घोड्यांपाशी

प्रिय निहार आणि ईशा,

सकाळी लवकर देवरीहून भाड्याच्या गाडीने निघाले. थर्मास, छत्री, टॉवेल, पर्समध्ये कांदा (इथे ऊन लागू नये म्हणून बाळगतात), सगळे जागच्या जागी. काम एकच होते. निहार, तू जन्मलास तेव्हा दोन दिवस काचेच्या पेटीत होतास. आजोबांनी इथल्या तलावातल्या देवाला तुझ्यासाठी नवस बोलून मातीचा घोडा ठेवला. तू बरा झालास, पण नवस फेडायचा राहिला आणि आजोबा गेले. तो घोडा शोधून, त्याच्यापुढे हात जोडून नवस फेडायला मी निघाले होते.

पहिला थांबा पाळीवरची (तलावाच्या बांधावरची) मातामाय. शेंदूर लावलेला दगड इतका तापला होता की नमस्काराचा हात मी झटकन मागे घेतला. पुढे तलाव, म्हणजे नुसते नाव. पाणी आटून तळ फुटलेल्या पापडासारखा झाला होता, आणि मध्यभागी उंचवट्यावर मोहाचे झाड. देव तिथेच. इतर दिवसांत डोंग्याने (लाकडी होडीने) जावे लागते. ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, पैदल जाओ, गाडी फँस जाएगी," आणि पाळीच्या सावलीत आडवा झाला.

चालताना दिशाच कळेना. झाड जवळ दिसे, पण जवळ येईना. पोहोचले तेव्हा कानात भुंगे गुणगुणत होते.

झाडाखाली घोडेच घोडे, काही उभे, काही आडवे. आजोबांनी खूण सांगितली होती, डावा कान तुटका. पण तिथे दोन्ही कान शाबूत असलेला घोडाच विरळा! नीट पाहता यावे म्हणून मी पडलेले सगळे उचलून, पुसून, रांगेत उभे केले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

एवढ्यात डोक्यावर तुंबा (भोपळ्याचे भांडे) घेऊन एक म्हातारी आली. सुकवारोबाई, पलीकडच्या टोल्यावरची (पाड्यावरची) गोंड बाई. रांग पाहून ती थबकली.

"काऊन उभे केले जी बाई?"

"पडले होते."

"पडले नोहोते. झोपवले होते. नवस फिटला का घोडा झोपवतेत. आता देवाले कसं समजन, कोनाचं फिटलं न् कोनाचं बाकी आहे?"

मला दरदरून घाम फुटला. बाई हसली नाही, रागावलीही नाही. खाली बसून तिने मला तुंब्यातली पेज (भाताची पातळ कांजी) पाजली. पेज पिताना माझ्या लक्षात आले, आधी आडव्या असलेल्या घोड्यांच्या एका कुशीला, पुसूनही न निघालेली, चिखलाची खपली होती. त्यावरून आम्ही दोघींनी एकेक घोडा परत झोपवला. उभे उरले त्यांत तुझा असणार. डावा कान तुटलेले त्यांतही पुष्कळ होते.

उन्हाने डोके चालेना. मी म्हटले, अंदाजाने एक झोपवते, देव समजून घेईल.

"अंदाजानं नाही जी," ती म्हणाली. "ह्यात माह्या सुनेचाबी आहे. पाच वर्सं झाली, कूस उजवली नाही. तुमीन तो झोपवला, तं देव म्हनन, हिचं झालं."

मी हात मागे घेतला.

"पोरगा कुठी आहे?"

"कॅनडात. अकरा वर्षांचा झाला."

"मंग तुमी कायले आल्या? ज्याचा घोडा, त्यानंच झोपवाचा. त्याले आना. त्याच्या हाताले बरोबर गवसन."

हे आजोबांना माहीत नव्हते, की माहीत असूनच त्यांनी फेडायचे लांबवले होते? परतीच्या वाटेवर, चपलांतून चटके बसत असताना, मी हाच विचार करत होते. ड्रायव्हरने विचारले, "हो गया माताजी?" मी हो म्हटले, मग नाही म्हटले. त्याने मला जास्त पाणी प्यायला सांगितले.

घरी येऊन थर्मास धुतला, छत्री खुंटीला लावली. सगळे जागेवर आहे, एक काम तेवढे राहिले. निहार, ते मला करता येणार नाही. तू उन्हाळ्यातच ये, बाकी दिवसांत तिथे पाणी असते. तोवर तुझा घोडा उभा आहे, आणि त्याच्या शेजारी कुठेतरी सुकवारोबाईच्या सुनेचा. येताना हात फार धुऊ नकोस. घोड्याला तुझी ओळख पटायला हवी.

तुमची आजी